पुढच्या दिव्याची जागा

नव्या घरात आलेल्या सुनेला पहिल्या तीन महिन्यांत दोन गोष्टी शिकाव्या लागतात. एक म्हणजे कोण कुणाचं कोण, आणि दुसरी म्हणजे कुणासमोर काय बोलायचं नाही. धाकटी पहिली गोष्ट एका गाडीच्या वायरिंगवर शिकली आणि त्या नादात दुसरी शिकायची राहून गेली. सगळा घोळ तिथूनच झाला.

धाकटी म्हणजे या घरातली धाकटी सून. पेशाने ती गाड्यांची इलेक्ट्रिशियन. लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं बसली होती, तेव्हा सासऱ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, "जुन्या गाड्यांचं वायरिंग येतं का?" ती हो म्हणाली. त्यावर त्यांनी पुढचं काहीच विचारलं नाही, उलट नवरामुलगा काय करतो हे सांगायचंही ते विसरले.

या प्रश्नाचं कारण गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभं होतं. लाल रंगाची, कापडी टपाची, बुटकी स्पोर्ट्स कार. बसायला माणसं दोन, आणि तीही फार खाणारी नसावीत. सासरे आयुष्यभर ग्रंथपाल होते, हळू आवाजात बोलण्यात त्यांची हयात गेली, आणि या मोठ्या आवाजाच्या गाडीवर त्यांचा जीव होता. तारुण्यात घेतलेली ही गाडी पुढे बंद पडली, उंदरांनी तिच्या वायरी कुरतडल्या, आणि आता सरकारी कचेरीचं पत्र आलं होतं. सहा आठवड्यांनी येणाऱ्या बुधवारी सकाळी अकरा वाजता गाडी तपासणीला आणा, नाहीतर नोंदणी रद्द होईल आणि गाडी भंगारात जाईल. दोनदा मुदत वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

"नापास झाली तर बुधवारी बाराला माझी दोन मशीनं गॅरेजात लागतील," असं सासूबाईंनी पत्र वाचून लगेच जाहीर केलं. त्यांचा पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास होता. आठ मशीनं, अकरा बायका, आणि जागा मात्र चार जणींची. गॅरेजवर त्यांचा डोळा कधीचा होता. सासऱ्यांनी फक्त धाकटीकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेपायी तिने सहा आठवडे त्या गाडीखाली काढले.

कुरतडलेल्या वायरी बदलणं तिला जड नव्हतं. गाडीच्या सगळ्या वायरी एकत्र बांधलेला जो जाडजूड जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. जागोजागी त्याला कनेक्टर असतात, म्हणजे प्लास्टिकचे जोड, एक अर्धा इकडचा आणि एक तिकडचा. शहाण्या कंपनीने प्रत्येक जोडाचा आकार वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे चुकून हा त्यात बसत नाही. पण मागे कधीतरी कुठल्यातरी महाभागाने ते सगळे कापून टाकले होते आणि सगळीकडे एकाच जातीचे, पांढरे, सहा भोकांचे कनेक्टर लावले होते. बहुतेक त्याच्याकडे तेवढा एकच डबा होता. आता कुणीही कुणातही खुशाल बसत होता. वायरींच्या रंगावरून ओळखावं, तर तेल आणि उष्णता खाऊन सगळ्यांचा रंग चहासारखा झालेला. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात नकाशा होता, पण तो पुढच्या वर्षीच्या गाडीचा.

म्हणून डॅशबोर्ड सोडवण्याआधीच तिने एकेक जोड तपासला आणि त्याच्या दोन्ही अर्ध्यांवर एकाच नावाची चिठ्ठी लावली. एक अर्धा डॅशबोर्डखाली लोंबत होता, दुसरा बॉनेटखाली किंवा मागे डिकीत. चिठ्ठ्या कागदाच्या नव्हत्या, कागद तेल पितो. क्लासमधल्या कापडी पट्टीचे तुकडे, त्यावर न धुपणारी शाई, आणि वायरीला लावायला सेफ्टी पिन.

त्यावर आकडे घालायचे नाहीत, हा तिचा जुना नियम. गाडीखाली उताणं पडून वाचताना सहाचे नऊ होतात. वर्कशॉपमध्ये ती भाज्यांची नावं घालायची. इथे तिने विचार केला, सासरचं गणगोत पाठ करायचंच आहे, तर दोन्ही कामं एकदम उरकू. जोड होते चौदा. सात सासरच्यांना दिले, सात माहेरच्यांना.

पुढचा मोठा दिवा सासऱ्यांना, कारण गाडी त्यांची. इंडिकेटर आत्यांना. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. "निघते हं मी" असं म्हणायला सुरुवात केल्यापासून खरंच निघेपर्यंत त्यांना तास लागायचा. वायपर मामांना, म्हणजे सासूबाईंच्या भावाला, कारण ते एकच गोष्ट इकडून तिकडे आणि तिकडून पुन्हा इकडे सांगायचे. गाडी मागे घेताना लागतो तो दिवा थोरल्या जावेला. थोरलीचं प्रत्येक वाक्य "मी लग्न होऊन आले तेव्हा" इथून सुरू व्हायचं. ब्रेकचा लाल दिवा थोरल्या दिरांना, जे कुठलीही नवी कल्पना ऐकली की आधी नाही म्हणत. सध्या ते कामानिमित्त बाहेरगावी होते. आतला छोटा दिवा नवऱ्याला, कारण दार उघडून ती आत आली की त्याचा चेहरा आपोआप उजळायचा.

आणि हॉर्न सासूबाईंना. त्याचं कारण तिने स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. ही नावं तिची तिच्यापाशी राहिली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण सासऱ्यांमधला ग्रंथपाल जागा झाला. चौदा वस्तू आहेत आणि त्यांची यादी नाही, ही कल्पना त्यांना सहन होईना. त्यांनी चौदा कार्डं कापली, सुरेख अक्षरात प्रत्येक नाव आणि त्याचं काम लिहिलं, आणि रविवारी सगळे जेवायला जमले असताना ती कार्डं खिशातून काढली.

"मामा, वायपर," त्यांनी अभिमानाने वाचलं. "आत्या, इंडिकेटर. थोरली, रिव्हर्सचा दिवा. सासरे, पुढचा दिवा."

"का बरं?" आत्यांनी हसून विचारलं. "मी इंडिकेटर का?"

त्या वेळी धाकटीने नवऱ्याला टेबलाखालून लाथ मारायला हवी होती. तिने मारलीही, पण ती टेबलाच्या पायाला लागली. नवऱ्याला तिने सगळी कारणं एकांतात सांगितली होती. त्याला ती फार आवडली होती, आणि आवडलेली गोष्ट त्याच्या पोटात पाच मिनिटं राहत नाही. त्याने एकेकाचं कारण खुलवून सांगितलं. मामांची नक्कल केली. "निघते हं मी" तर उभं राहून, पर्स काखेत मारून करून दाखवलं. सासऱ्यांच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं.

आत्या सगळ्यांत मोठ्याने हसल्या आणि मग एकदम थांबल्या. मामांनी चमचा खाली ठेवला. थोरली पाण्याचा ग्लास न्याहाळू लागली.

"आणि मी?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी कार्ड पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाले, "हॉर्न."

सासूबाईंनी धाकटीकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "आणखी कुणाला काय वाढू?" त्या दुपारी आत्या जेवण झाल्यावर पंधरा मिनिटांत घरी गेल्या. असं याआधी कधी घडलं नव्हतं. धाकटीला फार वाईट वाटलं. पण सोमवारी डॅशबोर्ड बसवायचा होता आणि वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

सोमवारी तिने चिठ्ठीला चिठ्ठी जुळवत चौदाही जोड लावले. मामाला मामा, आत्याला आत्या. मंगळवारी सकाळी बॅटरी जोडली. सासरे शेजारी उभे, हात पाठीमागे. तिने पुढच्या दिव्याचं बटण दाबलं.

पुढचा दिवा लागला नाही. चारही इंडिकेटर लागले.

"हे असंच असतं का?" सासऱ्यांनी आशेने विचारलं.

तिने इंडिकेटरचा दांडा खाली केला, तर काचेवरचा वायपर उडी मारून उठला, बसला, पुन्हा उठला. डॅशबोर्डच्या मागून गरम वास आला. तिने झेप घेऊन बॅटरीची तार उपटली. इंडिकेटरला टिकटिक करायला लावणारी एक पत्र्याची छोटी डबी असते, तिला फ्लॅशर म्हणतात. वायपरच्या मोटरचा भार त्या डबीवर पडला होता. हात लावला तर चटका बसला. आणखी दोन सेकंद गेले असते तर जळालीच असती, आणि त्या जातीची डबी आता कुठे बनत नाही.

म्हणजे आता करून बघायची सोय राहिली नाही. एक जोड चुकीचा लागला तरी काहीतरी जळणार. दोन चुकीचे आहेत हे कळलं होतं, पण बाकीचे बारा बरोबर आहेत हे कुणी सांगावं? तिने टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. चिठ्ठ्या तिच्याच, अक्षर तिचंच. फक्त चार ठिकाणी पिनेचं तोंड उजवीकडे होतं. ती पिन नेहमी डावीकडे तोंड करून लावायची.

कुणीतरी चिठ्ठ्या बदलल्या होत्या. आणि चार पिना दिसत असल्या तरी, कुणी नीट डावीकडे तोंड करूनही बदलल्या असतील, तर ते कसं ओळखायचं? तपासणीला चोवीस तास उरले होते. सासऱ्यांना मात्र ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा चहा घेऊन या."

नवरा कामावर निघाला होता. तिने त्याला दारात गाठलं.

"आईंनी केलंय," ती म्हणाली. "त्यांना गॅरेज हवंय, आणि वर मी त्यांना हॉर्न केलं."

"आई असं करणार नाही."

"मग कोण करेल? तुझ्यामुळे झालंय हे सगळं."

"ते मात्र खरं," तो म्हणाला. त्याने फोन करून रजा टाकली.

गाडी भंगारात गेली तर सासरे एका शब्दाने बोलणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं, आणि तेच तिला सोसणार नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं. या घरात जागा मिळवायला तिने हीच एक गोष्ट हाती घेतली होती, आणि तीच तिच्या हाताने बिघडली होती. शेवटी ती उठली आणि माफी मागायला क्लासच्या खोलीत गेली. बायका अजून यायच्या होत्या. सासूबाई खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर कापड बेतत होत्या.

"आई, माझं चुकलं. हॉर्न म्हणायला नको होतं."

"का म्हणालीस पण?" सासूबाईंनी कात्री न थांबवता विचारलं. "सगळ्यांची कारणं सांगितली त्याने, माझं नाही सांगितलं."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तुमचा आवाज गॅरेजपर्यंत येतो म्हणून."

"तिसऱ्या घरापर्यंत जातो," सासूबाईंनी दुरुस्ती केली. मग कात्री खाली ठेवली. "हे बघ. मी ओरडले नसते तर या घरात एकाचंही काम वेळेवर झालं नसतं. सासरे तुझे पुस्तकं घेऊन बसले असते, मुलं बिनपरीक्षेची राहिली असती. गाडीला हॉर्न नसेल तर समोरचा येऊन आदळतो. बरोबर जागा दिलीस मला. मी रविवारी सगळ्यात आधी जाऊन बघून आले. पिन सैल होती, ती घट्ट करून आले."

"म्हणजे तुम्ही बदलल्या नाहीत चिठ्ठ्या?"

"कुठल्या चिठ्ठ्या?"

धाकटीने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बोटाने खिडकी दाखवली. खिडकीतून गॅरेजचं दार समोर दिसत होतं.

"रविवारी दुपारी मी इथेच बसले होते, काज करत. माझ्यानंतर आधी वन्सं गेल्या. घरी जाते म्हणाल्या आणि वळून गॅरेजात शिरल्या. मग माझा भाऊ गेला, इकडे तिकडे बघत. मग आपली थोरली, हातात झाडू घेऊन. झाडू स्वच्छच परत आला. मला वाटलं, आपापलं नाव बघायला गेले असतील."

"आई, पण तुम्हाला तर गॅरेज हवंय ना?"

"हवंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण गाडी भंगारात गेली तर हे रिकाम्या गॅरेजात खुर्ची टाकून बसतील आणि दहा वर्षं उठणार नाहीत. मशीनं कुठे लावू मी? यांच्या डोक्यावर?"

मग त्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी थोरलीला हाक मारली. नंतर फोन उचलून आत्यांना आणि आपल्या भावाला. फोन नसता तरी चाललं असतं. पाऊण तासात तिघंही गॅरेजात हजर होते, आणि तिघांनाही चिठ्ठ्यांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

"मी तर घरी गेले होते," आत्या म्हणाल्या.

"मी बागेत होतो," मामा म्हणाले.

"मी झाडत होते," थोरली म्हणाली.

"या घराला बाग नाही," सासूबाई भावाला म्हणाल्या. "आणि झाडलं असतंस तर तो कोपरा असा दिसला नसता. हे बघा, कुणी कुणाला बोलणार नाही. पण उद्या अकराला गाडी उभी राहिली नाही, तर मी काय करीन ते मला सांगायला लावू नका."

नुसतं तोंडी विचारलं तर तिघंही एकमेकांचं ऐकून काहीबाही सांगतील, हे धाकटीच्या लक्षात आलं. ती आतून चार खुर्च्या घेऊन आली आणि गाडीसमोर ओळीने मांडल्या. सासऱ्यांच्या कोऱ्या कार्डांवर लिहून एकेक कार्ड खुर्चीच्या पाठीला अडकवलं: पुढचा दिवा, इंडिकेटर, वायपर, रिव्हर्स.

"बाबा, तुम्ही इथे बसा, पुढच्या दिव्यावर. आत्या इंडिकेटरवर. मामा वायपरवर. ताई, तुम्ही शेवटी. हे झालं रविवारचं जेवण संपेपर्यंतचं. आता आई ज्या क्रमाने सांगतायत, त्या क्रमाने उठायचं आणि जे केलं तेच इथे करायचं. आधी आत्या."

आत्या बसून राहिल्या. बराच वेळ पर्सची चेन उघडत आणि मिटत राहिल्या. मग उठल्या, भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, ऊठ."

सासरे उठले. आत्या पुढच्या दिव्यावर बसल्या आणि सासरे इंडिकेटरवर.

"मी डॅशबोर्डखालची माझी चिठ्ठी दादाच्या जागी लावली आणि त्याची माझ्या," आत्या म्हणाल्या. "मला काय ठाऊक त्याने गाडी बिघडते? मला वाटलं, नुसती नावं आहेत." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "मी निघते निघते म्हणते आणि निघत नाही, ते खरंच आहे गं सूनबाई. घरी गेल्यावर बोलायला कुणी नसतं. दार उघडलं की घड्याळ तेवढं ऐकू येतं. म्हणून रेंगाळते."

इतके दिवस तिला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं. तिने जाऊन आत्यांचा हात धरला. "आत्या, यापुढे तुम्ही निघते म्हणालात तरी आम्ही जाऊ द्यायचो नाही."

"तसंही नको," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझी मालिका असते सातला."

"आता मामा," सासूबाई म्हणाल्या.

मामा उठले. "मीसुद्धा भाऊजींच्याच चिठ्ठीशी अदलाबदल केली," ते खाली बघत म्हणाले. "म्हटलं, आयुष्यात एकदा पुढचा दिवा होऊ." ते सासऱ्यांसमोर गेले. सासरे इंडिकेटरवरून उठून वायपरवर गेले, आणि मामा त्यांच्या जागी बसले. बसल्यावर त्यांनी मान वळवून खुर्चीमागचं कार्ड वाचलं. "अरेच्चा! हा तर इंडिकेटर!"

"मग! पुढच्या दिव्यावर आधीच मी बसलेय," आत्या म्हणाल्या.

"म्हणजे दोन दिवस मी तुझ्या जागेवर आहे आणि मला वाटतंय..." मामांनी डोक्याला हात लावला. थोरलीला हसू फुटलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आता पाळी आपली आहे.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुम्ही पण 'सासरे' असं लिहिलेली चिठ्ठीच शोधलीत ना?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा," थोरली म्हणाली, आणि सगळ्यांकडे एकदा बघून तिने वाक्य बदललं. "हो. शोधली."

सासरे वायपरवरून उठले आणि निमूटपणे शेवटच्या खुर्चीकडे गेले. थोरली वायपरवर बसली. आता ओळ अशी होती: पुढच्या दिव्यावर आत्या, इंडिकेटरवर मामा, वायपरवर थोरली, आणि सगळ्यात शेवटी, मागच्या दिव्यावर, गाडीचे मालक.

"म्हणजे माझ्याच गाडीत तुम्ही मला ढकलत ढकलत पार मागे नेऊन बसवलंत?" सासरे म्हणाले. अकरा वर्षांत गॅरेजमध्ये एवढं हसणं झालं नसेल. सगळ्यात जास्त सासरे हसत होते. नवरा दारात उभा होता, तो तर खाली बसला.

धाकटी मात्र खुर्च्यांकडे बघून मनाशी ताळा करत होती. सकाळी पुढच्या दिव्याचं बटण दाबल्यावर आत्यांचे इंडिकेटर लागले. बरोबर. इंडिकेटरचा दांडा खाली केल्यावर मामांचा वायपर उठला. तेही बरोबर. दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या, दोन कळल्या नव्हत्या, आणि आता चारही जागच्या जागी बसत होत्या.

"माझ्या माहेरच्या सात चिठ्ठ्यांना कुणी हात लावला का?" तिने विचारलं.

"कशाला लावू?" आत्या म्हणाल्या. "त्यांचं कोण आलं होतं रविवारी जेवायला?"

इतका पटणारा पुरावा तिला कुठल्या यंत्राने दिला नसता. नवऱ्याने आपल्या चिठ्ठीला हात लावला नव्हता, कारण तो आपल्या जागेवर खूश होता. दीर गावात नव्हते. आणि हॉर्न घट्ट पिनेने जागेवरच होता. ती गाडीखाली शिरली. चार जोड सोडवले, चार चिठ्ठ्या मूळ जागी नेल्या, जोड पुन्हा लावले. वरून आत्या आणि मामा एकमेकांना सूचना देत होते आणि थोरली टॉर्च धरून उभी होती. एकदाही ती मागच्या गोष्टींकडे गेली नाही.

धाकटीने बॅटरी जोडली. तिने बटण दाबलं. पुढचा दिवा लागला, पिवळा, जरा धुरकट, पण पुढचा. मग इंडिकेटर, टिकटिक करत. मग वायपर, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. सासरे सोडून गॅरेजातल्या पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. सासरे दोन्ही हातांनी तोंड झाकून उभे होते. धाकटीचा जीव भांड्यात पडला. ती बॉनेटला टेकून तिथेच खाली बसली.

बुधवारी सासरे गाडी चालवत निघाले आणि शेजारी धाकटी, निघेपर्यंत बॉनेटखाली असल्याने दोन्ही हात काळेच. मागून मामांच्या गाडीत मामा, आत्या, थोरली आणि नवरा. यांना कुणी बोलावलं नव्हतं. सासूबाई आल्या नाहीत. "अकराला माझ्या बायका येतात," त्या म्हणाल्या. "मी येऊन काय करू? माझं मी घट्ट लावून ठेवलंय."

तपासणीच्या आवारात एक किडकिडीत परीक्षक फळीला अडकवलेला कागद घेऊन उभा होता. त्याने धाकटीला गाडीतून उतरवलं, सासऱ्यांना आतच बसवलं, आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली.

"पुढचे दिवे."

"लागले!" चार जण एकदम ओरडले.

परीक्षकाने वळून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"घरचे," मामा म्हणाले.

"इंडिकेटर."

"लागले की!" आत्या म्हणाल्या. "डावे पण, उजवे पण. काय स्वच्छ लुकलुकतायत!" वायपर चालू झाल्यावर मामांनी मान इकडून तिकडे हलवत त्याची बाजू घेतली. रिव्हर्सचा दिवा लागला तेव्हा थोरली गाडीच्या मागे जाऊन उभीच होती. तिने परीक्षकाला हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि दिवा नीट बघायला लावला. तो बिचारा कागदावर खुणा करत होता आणि घाम पुसत होता. ब्रेकचे दिवे झाले, आतला दिवा झाला. कागदावरची एकच ओळ उरली.

"हॉर्न," परीक्षक म्हणाला.

सासऱ्यांनी अंगठा दाबला. आवाज आवारभर गेला, भिंतीला लागून परत आला, आणि कचेरीच्या खिडकीतून दोन माणसांनी डोकी बाहेर काढली.

भिंतीला रेललेले मामा ताठ उभे राहिले आणि त्यांचे हात खिशातून बाहेर आले. आत्यांनी अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा पर्समध्ये कोंबला. थोरलीने फोन बंद केला. नवऱ्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. गाडीत बसलेल्या सासऱ्यांनी स्वतःच हॉर्न दाबला होता, तरी त्यांनी दचकून आवाराच्या फाटकाकडे पाहिलं. सासूबाई तिथे नव्हत्या. त्या अर्ध्या तासाच्या वाटेवर, आपल्या घरी, कुणाचातरी गळा बेतत होत्या.

धाकटी पोट धरधरून हसायला लागली. परीक्षकाने शेवटची खूण केली, शिक्का मारला आणि पासचा कागद तिच्यासमोर धरला. हसत हसतच तिने तो घ्यायला हात पुढे केले, आणि तेव्हा तिला दिसलं. सकाळपासून काळे झालेले तिचे दोन्ही हात लख्ख होते. हॉर्न वाजला तेव्हाच, कुणी न सांगता, तिने ते रुमालाला पुसून टाकले होते.